यहुदी अभ्यास शिकवणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहताना: नव्या समन्वयकांसाठी मार्गदर्शक

"मुलांच्या वर्गाचं आता तुम्ही बघा," असं ट्रस्टच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. पुढे काय करायचं ते मात्र कोणी सांगत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथल्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, समाजात तोरा (मोशेची पाच पुस्तकं), हिब्रू, सणवार आणि इतिहास शिकवण्याचं काम मुख्यतः सिनेगॉग आणि समाजकेंद्रांच्या रविवारच्या वर्गांत चालतं, थोडंफार शाळांमधल्या एखाद्या तासाला. हे वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांना मदत करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ज्यांच्याकडे ते नव्याने आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपले बहुतेक शिक्षक सोमवार ते शनिवार दुसरी नोकरी करतात. कोणी बँकेत आहे, कोणी नर्स, कोणी निवृत्त होऊन घरी. त्यांच्याकडे श्रद्धा भरपूर आहे. नसते ती सोबत. प्रश्न अडला तर विचारायला माणूस नाही, धडा छान झाला तर सांगायला माणूस नाही. वर्ग बंद पडतात ते शिक्षक असे एकटे पडल्यामुळे. तुमचं काम त्यांना एकटं पडू न देण्याचं आहे.

१. पहिला महिना वर्गात मागे बसा

काहीही बदलू नका. नवी पुस्तकं मागवू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. शिक्षकांना विचारून त्यांच्या वर्गात मागच्या खुर्चीवर बसा आणि वही काढा. मुलं किती, वय काय, कोण वाचू शकतं, कोण नुसतं पाठ म्हणतं, शिक्षकांचा किती वेळ गोंधळ आवरण्यात जातो, हे टिपा.

आपल्या वर्गात पाच वर्षांचं पोर आणि बार मित्झ्वाची (तेराव्या वर्षीच्या धर्मविधीची) तयारी करणारा मुलगा एकाच सतरंजीवर असतात. शाळेतला बी.एड. झालेला अनुभवी शिक्षकही यात गांगरतो. तेव्हा "वर्गावर नियंत्रण नाही" असा शेरा मनात आला तर तो तिथेच पुसा. आधी हे बघा की शिक्षकांना दुसरा माणूस मिळाला तर काय बदलेल. बहुतेक वेळा एखादी कॉलेजची मुलगी लहानांना बाजूच्या खोलीत घेऊन बसली, तरी निम्मा प्रश्न सुटतो.

वर्गानंतर चहा घेत दोनच प्रश्न विचारा: "कुठला धडा घ्यायला तुम्हाला आवडतो?" आणि "कुठला टाळावासा वाटतो?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या भेटीत मिळणार नाही. थांबा.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण राहिला तर शिक्षक उघडे पडतात.

वर्ग सिनेगॉगच्या जागेत असेल तर विश्वस्तांचा लेखी ठराव घ्या. त्यात वार, वेळ, खोली आणि शिक्षकांची नावं असू द्या. तोंडी परवानगी विश्वस्त बदलले की हवेत विरते.

वर्ग मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत असेल तर राज्यघटनेचं कलम २८ वाचून ठेवा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला त्यात बसवता येत नाही. महाराष्ट्रात यहुदी समाजाला २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला, म्हणून आता हे नियम लागू नाहीत अशी समजूत काही जणांची असते. ती चुकीची आहे. आपल्या समाजाने काढलेल्या शाळांमध्येही आज इतर धर्मांची मुलं मोठ्या संख्येने शिकतात, त्यामुळे संमतीपत्र हवंच.

फाइलमध्ये एवढं ठेवा:

- प्रत्येक मुलाचं पालक-संमतीपत्र, दोन फोन नंबर, औषधं आणि खाण्याची अ‍ॅलर्जी
- शिक्षक आणि मदतनिसांच्या ओळखपत्राची प्रत, शक्य असेल तर पोलीस पडताळणी
- हजेरीपट
- विश्वस्तांचा ठराव
- खर्चाच्या पावत्या

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे. खोलीत कायम दोन मोठी माणसं असावीत आणि दार उघडं असावं हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा. तो शिक्षकांच्याही संरक्षणासाठी आहे. वर्गाची वेळ आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. २००८ नंतर आपल्या सिनेगॉगबाहेर पोलीस बसतात ते कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरचा पाहुणा बोलवायचा असेल तर त्याचं नाव आधी पहाऱ्यावर द्या.

३. दोन पंचांगं शेजारी ठेवून वर्ष आखा

नव्या शिक्षकाची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आपलं तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. तिश्री आला की नव्याचा सण (रोश हशाना), दारफाळणीचा सण (योम किप्पूर), सुक्कोथ, सिम्हाथ तोरा असे सण एकामागून एक येतात आणि नेमकी तेव्हाच शाळांची सहामाही परीक्षा जवळ आलेली असते. २०२६ मध्ये रोश हशाना १२ सप्टेंबरला आहे आणि गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे मुंबईच्या शाळांना सुट्टी, रस्ते बंद आणि आपले सण, सगळं एकत्र. पेसाह २०२६ मध्ये १ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होतो, तर २०२७ मध्ये २१ एप्रिलच्या. मधल्या वर्षात, म्हणजे आपल्या पंचांगाच्या ५७८७ मध्ये, अदार महिना दोनदा येतो. १९ वर्षांत ७ वेळा असं होतं. आपल्या मुलांना शेजारच्या घरातला अधिकमास माहीत असतो, त्यामुळे त्यांना हे समजावणं सोपं जातं.

हेबकॅल या मोफत संकेतस्थळावर शहर मुंबई किंवा ठाणे निवडलं की दिवे लावण्याची वेळ, त्या शब्बाथची (शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची) पाराशा, म्हणजे तोरातला त्या आठवड्याचा वाचनभाग, आणि सणांच्या तारखा मिळतात. वर्षाचं पान छापा. त्यावर शाळेच्या परीक्षा, दहावी-बारावीचे फेब्रुवारी-मार्च, मे महिन्याची सुट्टी लाल पेनने खुणवा. मग जे रविवार उरतील तेच तुमचे. साधारण वर्षाला पस्तीसच्या आसपास वर्ग धरा, त्याहून जास्तीचं स्वप्न बघू नका.

मुंबईसाठी आणखी एक. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो, बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होणारा. शिक्षक कल्याणहून आणि मुलं कुर्ल्याहून ठाण्याला येणार असतील तर वर्ग साडेनऊला सुरू करून अकराच्या आत संपवलेला बरा. शनिवारी रात्री मेगाब्लॉकची बातमी बघून गटावर टाकणं हे काम तुमचं. शिक्षकांवर ते टाकू नका. शब्बाथ संपल्यावर, हवदाला (शब्बाथचा निरोपविधी) झाल्यावरच त्यांना धड्याची तयारी करायला मिळते, तो वेळ त्यांचा राहू द्या.

४. पैशाचं आधी स्पष्ट बोला

"हे तर समाजसेवेचं काम," असं म्हणून मानधनाचा विषय टाळला जातो. तुम्ही टाळू नका. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली असावी आणि ठरलेल्या तारखेला मिळावी. रिक्षाचं भाडं, झेरॉक्स, खडू, मुलांचा खाऊ हे शिक्षकाच्या खिशातून जाता कामा नये. ट्रस्टचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून पुढच्या वर्षाची मागणी जानेवारीतच लेखी द्या.

परदेशातून कोणी मदत करू म्हणालं की बहुतेक वेळा पुस्तकांची खोकी येतात. ती अमेरिकेतल्या किंवा इस्रायलमधल्या मुलांसाठी बनलेली असतात, आपल्या मुलांना त्यातलं घर, जेवण, बर्फ, काहीच ओळखीचं वाटत नाही आणि खोकी कपाटात पडून राहतात. देणगीदाराला नम्रपणे सांगा: आम्हाला एका शिक्षकाचा वर्षभराचा प्रवासखर्च द्या, किंवा एक चांगला प्रिंटर आणि त्याची शाई. अशी नेमकी मागणी केली की लोक आनंदाने देतात.

५. शिक्षकांचा स्वतःचा अभ्यास सुरू करा

सगळ्या पायऱ्यांमध्ये मला हीच सगळ्यात मोलाची वाटते. बाकीचं काही जमलं नाही तरी चालेल, पण ही करा.

शिक्षकाला स्वतःला काही नवं कळलं की तो वर्गात वेगळाच माणूस असतो. तेच तेच नोहाचं तारू आणि तोच योसेफाचा रंगीत झगा वर्षानुवर्षं सांगून जीव कंटाळतो. म्हणून आठवड्यातून एकदा, पाऊण तास, शिक्षकांची जोडी लावून द्या. हेवरूथा ही आपली जुनी पद्धत आहे: दोघांनी बसायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. पाराशेतले दहा-बारा पसूक (वचनं) पुरेत. अट एकच, दोघांनी मिळून एक खरा प्रश्न शोधून उठायचं.

नोहाची पाराशा घ्या. बेरेशिथच्या (तोरातल्या पहिल्या पुस्तकाच्या) ६व्या अध्यायात प्रत्येक प्राण्याची जोडी आत घे असं सांगितलं आहे. पुढच्याच अध्यायात शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या घ्यायला सांगितलं आहे. मग खरं किती? लहानपणापासून ही गोष्ट ऐकलेली माणसंसुद्धा हे दोन पसूक शेजारी ठेवले की चमकतात. मग राशी या जुन्या भाष्यकाराचं भाष्य काढून बघायचं: पूर ओसरल्यावर नोहाला कुर्बान करता यावं म्हणून शुद्ध प्राणी जास्त. पण हे उत्तर शिक्षकांना आधी सांगू नका. प्रश्नाने त्यांना आठवडाभर छळू द्या. असा छळलेला शिक्षक रविवारी मुलांसमोर बसतो तेव्हा मुलांना ते लगेच कळतं.

साधनं:

- सेफारिया: तोरा, राशी, मिश्ना आणि तालमूद हे धर्मनियमांचे जुने ग्रंथ, सगळं मोफत, हिब्रू आणि इंग्रजीत. मोबाइलवरही चालतं. मराठी आपल्याला आपलं करावं लागतं.
- बार-इलान विद्यापीठाचं लुकस्टीन सेंटर: यहुदी अभ्यासाच्या शिक्षकांसाठी धड्यांचे आराखडे.
- इस्रायलला गेलेले आपलेच लोक. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना इथे मराठी बोलणारी, हिब्रूवर प्रभुत्व असलेली माणसं आहेत, त्यातली काही निवृत्त शिक्षक आहेत. ऑनलाइन एक तास मागितला तर ती खूश होतात. भारत इस्रायलच्या उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतो. शुक्रवार मागू नका, तिथे शब्बाथची घाई असते. बुधवार किंवा गुरुवार रात्र बरी.

इथे एक सापळा आहे. मराठीत वाचायला म्हणून शिक्षक बाजारात मिळणारं पवित्र शास्त्र घेतात. भाषा चांगली असते, पण ते ख्रिस्ती वाचकांसाठी केलेलं आहे. पुस्तकांचा क्रम वेगळा आहे आणि ठिकठिकाणी पसुकांचे आकडेही जुळत नाहीत. उदाहरण आपल्या अगदी जिव्हाळ्याचं आहे. एलियाहू हन्नाबी (संदेष्टा एलिया) येणार हे वचन आपल्या तनाखमध्ये (हिब्रू पवित्र शास्त्रात) मलाखी ३:२३ ला आहे आणि त्या पुस्तकात ४:५ ला. तेहिलीममध्ये (स्तोत्रसंहितेत) कित्येक ठिकाणी आपण शीर्षकालाही आकडा देतो, तिथे देत नाहीत, म्हणून एक-दोन आकडे पुढेमागे होतात. वर्गात एका मुलाकडे हे आणि दुसऱ्याकडे ते असलं की दहा मिनिटं शोधण्यात जातात आणि शिक्षक ओशाळतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि आकडा नेहमी हिब्रू प्रतीवरून द्या.

६. हिब्रू वाचनासाठी शिक्षकांना काय लागतं

आपल्याकडे देवनागरीत लिहिलेल्या प्रार्थना घरोघरी आहेत. आजी-आजोबांसाठी त्या अनमोल आहेत. पण वर्गात देवनागरीची पट्टी खाली दिली की मुलाची नजर वर हिब्रूकडे जातच नाही, आणि मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी अक्षर ओळखत नाही. शिक्षकांना ठाम नियम करायला मदत करा: गाणी आणि लांब प्रार्थना हव्या तर देवनागरीत, पण दर रविवारी तीन ओळी फक्त हिब्रूत.

अडणारी अक्षरं ठरलेली आहेत: बेथ आणि काफ, दालेथ आणि रेश, हे आणि हेथ, वाव आणि झायिन, सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम. यांची जोडी-जोडीने मोठी कार्डं करा. दालेथ आणि रेशसाठी मी शेमा ही आपली मुख्य प्रार्थनाच वापरते. सेफेर तोरामध्ये (हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीत) शेमाच्या पहिल्या ओळीत शेवटचा दालेथ मोठा काढलेला असतो. तो रेश वाचला तर "एक" ऐवजी "दुसरा" असा अर्थ होईल, म्हणून तो मोठा, असं आपले जाणते सांगत आले. दालेथचा कोपरा टोकदार आणि रेशचा गोल, एवढ्या कोपऱ्यावर सगळं अवलंबून आहे म्हटल्यावर मुलं तो कोपरा विसरत नाहीत. शक्य असेल तर हजानसाहेबांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) विनंती करून एकदा सेफेर उघडलेला असताना मुलांना जवळून दाखवा.

उच्चारांवरून भांडणं होतात. आपल्या घरात शब्बाथ म्हणतात, इस्रायलहून आलेला पाहुणा शब्बात म्हणतो. शिक्षकांनी कुठला धरावा हे एकदा बैठकीत ठरवा आणि दुसराही बरोबर आहे हे मुलांना सांगायला सांगा. मुलाने घरी जाऊन आजोबांचा उच्चार "सुधारला" की आजोबा दुखावतात आणि पुढच्या रविवारी ते मूल येत नाही.

देवाचं नाव असलेले छापील कागद कचऱ्यात जाता कामा नयेत. वर्गात एक खोकं ठेवा, त्यावर "गेनिझा" लिहा, भरलं की सिनेगॉगमध्ये द्या. आणि शिक्षकांना सवय लावा की सरावाच्या कागदावर पूर्ण नाव छापायचंच नाही. काम निम्म्याने कमी होतं.

७. एक धडा जवळून: मलिदा

नवीन शिक्षक विचारतात, सुरुवात कुठून करू? मी म्हणते, मुलांनी घरी जे खाल्लं आहे तिथून. मलिदा आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं. याच ताटावर बेराखोथ, म्हणजे खाण्याआधी म्हणायची आशीर्वचनं, शिकवता येतात.

ताट मधे ठेवा. खजूर उचला, कुठली बेराखा? झाडाचं फळ, बोरे पेरी हाएत्स. सफरचंद, तीच. पोहे, बोरे मिने मेझोनोथ. मग केळं उचला. सगळी मुलं ओरडतात, झाडाचं! आणि शिक्षकांनी म्हणायचं, नाही, बोरे पेरी हाअदामा, जमिनीचं. इथे गोंधळ उडतो आणि तो उडू द्यायचा. एखादं रोह्याचं नाहीतर अलिबागचं पोर असतं ज्याने आजोळी केळीची बाग पाहिलेली असते. त्याला विचारा, घड उतरवल्यावर केळीचं काय करतात? ते सांगतं, तोडतात, बाजूने नवीन पिल्लू येतं. बस्स, कारण तेच: त्याच खोडाला पुढच्या वर्षी पुन्हा फळ येत नाही, म्हणून हलाखात (धर्मनियमांत) ते झाड धरत नाहीत. शिक्षकांना हा धडा एकदा तुमच्यासोबत करून बघायला सांगा, खऱ्या ताटासह. वाचून तो कळत नाही. शेवटी सब्जाची पानं हुंगायची आणि सुगंधाची बेराखा म्हणायची, मग खायचं.

असे धडे आपल्याकडे पुष्कळ आहेत. भिंतीवर रायगड जिल्ह्याचा मोठा नकाशा लावा आणि मुलांना आपलं आडनाव शोधू द्या: किहीमकर, रोहेकर, पेझारकर, नवगावकर, दिवेकर, झिराड. सणांची आपली जुनी मराठी नावं घ्या: पुरीमला होळीचा सण, पेसाहला अनाशी ढाकण्याचा सण, तिशा बेआवला बिरड्याचा रोजा. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी मजकुराची सचित्र हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली. त्यातल्या चित्रात बायका जमिनीवर बसून मत्झा (बिनखमिराची भाकरी) करताना दिसतात. ते चित्र सेदेरच्या (पेसाहच्या रात्रीच्या विधीभोजनाच्या) आधीच्या वर्गात दाखवलं की मुलींची नजर हलत नाही.

सहल काढायची तर अलिबाग: इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग, नवगावची दफनभूमी आणि तिथला स्तंभ, अलिबागपासच्या खंडाळा गावाजवळची एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण मानलेली जागा. गेटवेहून मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी धरा. तू बिश्वातच्या (झाडांच्या नववर्षाच्या) आसपास जमलं तर उत्तम, कारण एलियाहू हन्नाबी तिथे आले तो दिवस हाच, असं आपल्याकडे सांगतात.

८. वर्ग पाहून आल्यावर कसं बोलायचं

त्याच दिवशी बोलू नका, शिक्षक दमलेले असतात. सोमवारी किंवा मंगळवारी फोन करा. आधी तुम्ही पाहिलेला एक नेमका क्षण सांगा: "रिबेकाच्या विहिरीच्या गोष्टीत तुम्ही मुलांना दहा उंटांना किती पाणी लागेल विचारलंत, तेव्हा मागची दोन मुलंही पुढे सरकली." नुसतं "छान झालं" म्हटलं की शिक्षकांना वाटतं यांनी काही पाहिलंच नाही. मग एकच सूचना. एका वेळी दोन दिल्या तर एकही होत नाही. आणि ती सूचना जमावी म्हणून तुम्ही काय करणार ते त्याच फोनवर सांगा.

वयाने मोठ्या शिक्षकांना सूचना देताना जपा. ज्या मावशींनी तुम्हाला आलेफ-बेथ (हिब्रू मुळाक्षरं) शिकवलं त्यांच्याच वर्गात आज तुम्ही समन्वयक म्हणून बसलेल्या असाल. अशा वेळी मी विचारते, "मावशी, हे तुम्ही पूर्वी कसं घ्यायचात?" आणि बहुतेकदा त्या स्वतःच म्हणतात, आता मुलं बदलली गं, काहीतरी वेगळं करायला हवं.

वर्षातून एकदा शिक्षकांचा सन्मान सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर करा, सिम्हाथ तोराच्या वेळी केला तर फार शोभतो. त्या वेळी समाजाला सांगा की हे किती जुन्या ओळीत उभे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेलोमो सालेम शुर्राबी कोचीहून मुंबईत आले आणि इथल्यांना शिकवत राहिले. जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी शाळा सांभाळता सांभाळता हिब्रू प्रार्थना आणि ग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. ही नावं ऐकताना शिक्षकांची मान ताठ होते, मी पाहिलं आहे.

९. अवघड प्रश्नांसाठी शिक्षकांना एकटं सोडू नका

मुलं विचारतात: आपण खरे यहुदी आहोत का? माझी आई दुसऱ्या धर्मातली आहे, मग मी कोण? शाळेत मुलं इस्रायलवरून बोलतात, मी काय उत्तर देऊ? होलोकॉस्टमध्ये लहान मुलांनाही मारलं का?

यांची उत्तरं शिक्षकाने उभ्या उभ्या द्यावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे. महिन्यातून एकदा सगळे शिक्षक बसून एक प्रश्न घ्या. पहिल्या प्रश्नासाठी १९६० च्या दशकातला इतिहास शिक्षकांना नीट माहीत हवा. इस्रायलमध्ये विवाहाच्या वेळी बेने इस्राएल लोकांकडे वंशाची चौकशी मागितली जायची, आपल्या लोकांनी त्याविरुद्ध जोरदार निदर्शनं केली आणि १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. मोठ्या मुलांना हे सांगा. त्यांना त्यातून अभिमानच वाटतो.

दुसऱ्या प्रश्नावर वर्गात निवाडा नको. शिक्षकाने मुलाला जवळ घ्यावं, वर्गात त्याची जागा पक्की आहे हे सांगावं, आणि बाकीचं पालकांशी व जाणत्यांशी तुम्ही बोलावं. आपल्यात परंपरेने चालणारी घरं आहेत, १९२५ पासून मुंबईत असलेल्या ज्युइश रिलिजस युनियनची सुधारक घरं आहेत, शब्बाथला कामावर जावं लागणारी घरं आहेत. शिक्षकाच्या तोंडून "तुमच्याकडे चुकीचं करतात" हे वाक्य कधीही जाऊ नये, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. होलोकॉस्टबद्दल लहानांना वाचलेल्यांच्या आणि वाचवणाऱ्यांच्या गोष्टी सांगा, छावण्यांची चित्रं दाखवू नका. याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मृतिसंस्थेचं शिक्षकांसाठीचं साहित्य वयानुसार लावलेलं आहे, तिथून घ्या.

१०. वर्गाची फाइल

आपल्याकडे चांगला शिक्षक तयार होतो आणि आलिया करतो, म्हणजे इस्रायलला स्थायिक व्हायला जातो. मुलंही जातात. यावर तक्रार करण्यात अर्थ नाही, त्यांचं भलं झालं तर आपल्याला आनंदच आहे. पण त्यांच्याबरोबर वर्गाची सगळी आठवण जाऊ नये म्हणून प्रत्येक शिक्षकाची एक जाडजूड फाइल ठेवा. दर रविवारी वर्ग संपल्यावर पाच मिनिटांत चार ओळी: काय घेतलं, काय जमलं, कोणतं मूल कुठे अडलं, पुढच्या वेळी काय आणायचं. हस्ताक्षरात चालेल, मोबाइलवर फोटो काढून ड्राइव्हवर ठेवा.

निघण्याआधी शेवटचे दोन महिने जुन्या आणि नव्या शिक्षकांनी एकत्र वर्ग घ्यावा. नवा शिक्षक शोधताना फक्त हिब्रू कोणाला येतं हे बघू नका. वाचायला शिकवता येतं. मुलांमध्ये रमणारी, वर्गाला वेळेवर येणारी आणि "मला माहीत नाही, पुढच्या रविवारी बघून सांगते" असं न लाजता म्हणणारी व्यक्ती शोधा. बार मित्झ्वा किंवा बात मित्झ्वा झालेल्या मुलांपैकी एकदोघांना त्याच वर्षी लहानांच्या गटात मदतनीस म्हणून घ्या, आणि त्यांचीही फाइल पहिल्या दिवसापासून उघडा.